काहीच नाही, फक्त माटे

माझी आई जुलैत गेली, आमच्याकडच्या ऐन थंडीत, आतड्यातल्या गाठीने. सुरुवात पोटफुगीने झाली होती. जेवण झालं की ती खुर्चीत मागे रेलायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून स्कर्टचं बटण काढायची. म्हणून नाताळच्या जेवणानंतर पपांचा हात टेबलाखाली गेला आणि पट्ट्याची कडी वाजली, तेव्हा मी ताटातलं हाड नीट एका बाजूला सारलं.

जानेवारीत ते झाकता येईना. पोट ढोलासारखं ताठ, आणि सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान मात्र काठीसारखी. पोट वाढत होतं आणि माणूस कमी होत होता. चालताना ते पाय जरा लांब टाकायचे, जणू जमीन कुठे आहे ते आधी चाचपून बघतायत. नावं विसरायला लागले. मी वाचणारी बाई आहे, शाळेत साहित्य शिकवते. आईच्या आजारपणात मी नको तेवढं वाचलं होतं, आणि आता ते सगळं पानापानाने आठवत होतं.

शेजारच्या निल्दामावशीने आपल्या परीने इलाज केला. ती शिवणाच्या फितीने पोट मोजते. आमच्या भागात अजून बरेच लोक मोजून घेतात. फितीचं एक टोक पपांनी पोटाच्या खळगीवर धरायचं, दुसरं मावशीच्या हातात, आणि ती कोपरापासून बोटांपर्यंत हात-हात फीत मोजत पुढे यायची. हात पोटावर न पडता वर छातीपर्यंत चढला, तर अन्न आत चिकटलंय असं समजायचं. हात थेट गळ्याशी गेला.

"चिकटलंय," ती म्हणाली. "चांगलंच चिकटलंय, नेरेओ. नाताळचं कोकरू अजून आतच बसलंय."

"मग हाक मार त्याला," पपा म्हणाले. "म्हणावं बाहेर ये, लोकर कातरायची राहिलीय."

पपांनी सगळा जन्म मेलो शहरातल्या वखारीत लोकरीची प्रतवारी केली. डोळे मिटून बोटांमध्ये झुबका धरायचे आणि सांगायचे, कोरिएडेल मेंढी, दुष्काळातलं वर्ष, खांद्यावरची लोकर. निवृत्त झाल्यावरही कातरणीच्या हंगामात वखारीचे लोक त्यांना न्यायला यायचे. या नोव्हेंबरात मात्र ते पहिल्याच दिवशी दुपारी घरी परत आले. कंबर दुखते म्हणाले. मी विश्वास ठेवला.

गावातल्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं की घशातून कॅमेरा घालून आत बघायला हवं.

"एल्बियाच्याही आत बघितलं होतं त्यांनी," पपा म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. एल्बिया म्हणजे माझी आई.

शेवटी तडजोड निघाली ती फुंकण्याची. महिन्यातून एकदा राजधानीतून, मोंतेविदेओहून, एक पोटाच्या डॉक्टर मेलोच्या एका दवाखान्यात यायच्या. त्यांच्याबरोबर गाडीच्या डिकीतून एक यंत्र यायचं. रोग्याला गोड औषध पाजायचं आणि दर थोड्या वेळाने त्याला नळीत फुंकायला लावायचं. लहान आतड्यात नको तिथे जंतू माजले असतील, तर त्यांचा वायू श्वासात उतरतो.

"एवढंच? वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसारखं?"

"एवढंच, पपा."

"सुरी नाही, कॅमेरा नाही?"

"नाही."

ते तयार झाले. का झाले ते मला कळत होतं. ज्या गोष्टीला ते घाबरत होते ती फुंकरीत सापडणार नव्हती. माझी समजूत पटली असती आणि त्यांना कुणी हात लावला नसता. मीही एवढ्यावर थांबले, कारण निदान डॉक्टरच्या दारापर्यंत तरी ते पोचणार होते.

आदल्या दिवशी फक्त पांढरा भात आणि उकडलेली कोंबडी खायची होती. पपांनी ती खाल्ली आणि म्हणाले, तुरुंगात याहून बरं मिळतं. रात्रीपासून तोंडात काही घालायचं नव्हतं. त्यांनी घातलं नाही. सकाळी बसमध्ये मागच्या सीटवरचा एक गृहस्थ केकची पुडी पुढे करत होता, त्यालाही पपा म्हणाले, "नको भाऊ, आज मी उपाशी आहे," आणि काखेतला थर्मास माझ्याकडे दिला. मी माटेचा तुंबा मांडीवर धरला, आतल्या कडू पत्तीवर गरम पाणी ओतलं, पहिला घोट नेहमीप्रमाणे माझा, मग नळी त्यांच्याकडे वळवून दिला. मेलो येईपर्यंत थर्मास अर्धा झाला होता.

त्या माटेत वर एक पिवळं फूल असायचं, मार्सेलाचं. गुड फ्रायडेला सूर्य उगवायच्या आत तोडलेली मार्सेला पोटाला लागू पडते असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि न मानणारेही तोडायला जातात. आईने गेल्या वर्षी तोडलेली जुडी स्वयंपाकघरात चुलीच्या वर उलटी टांगलेली होती. पपा रोज एकच फूल काढायचे. पूर्वी मूठभर टाकायचे.

दवाखान्यात यंत्रावर मारिएला नावाची बाई होती, पांढरा कोट, डोक्यावर चढवलेला चष्मा.

"उपाशी आहात ना, दॉन नेरेओ?"

"कडकडीत."

"पाण्याशिवाय पोटात काही?"

"काहीच नाही." मग खरं बोलायची सवय म्हणून त्यांनी जोडलं, "फक्त माटे."

मारिएलाने हातातली नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही काय करत होता, सेन्योरा? बघत बसलात?"

"मीच देत होते," मी म्हणाले. त्या क्षणापर्यंत मला खरोखरच सुचलं नव्हतं.

"सकाळपासून हे दुसरे. फोनवर मी घसा कोरडा करून सांगते, पाण्याशिवाय काही नाही, काही म्हणजे काही नाही. सगळे हो हो म्हणतात. बिशपला बोलावलं तर तोही थर्मास घेऊनच येईल उपाशी!"

"तुमच्याही टेबलावर आहे की," पपा म्हणाले.

"मला कुठे फुंकायचंय?"

यंत्र पुन्हा यायला महिना होता. मी काहीतरी विनवणी करायला लागले, पण पपा उठलेसुद्धा. शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "चल पोरी, अकराची बस मिळेल." टोपी घातली, वळले, आणि दाराच्या उंबऱ्यात त्यांचा पाय अडकला. पडले नाहीत, चौकट धरली. समोर एक ठेंगणी बाई उभी होती, माझ्याच वयाची, कोटाखाली पायात खेळाचे बूट. मोंतेविदेओहून येणाऱ्या डॉक्टर एचेबार्ने त्या याच.

त्यांनी पपांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघितलं. "पायाला काय झालंय?"

"काहीच नाही."

"मघाशी पोटात काहीच नव्हतं तसं?"

मारिएला हसली. पपांनाही हसू आवरेना.

"आत या दहा मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची सगळी 'काहीच नाही' मला एकदा बघू दे. औषधं कुठली चालू आहेत?"

"कुठलीच नाहीत."

"सकाळी उठल्यावर?"

"माटे."

"माटेच्या आधी?"

"आधी ती कॅप्सूल. पण ते औषध नाही, पोट सांभाळायचं असतं ते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ल कमी करायची कॅप्सूल. आईसाठी आणलेल्या होत्या, कपाटात पाकिटं उरली होती.

"रोज?"

"सकाळी एक, रात्री एक. तिच्यासारखंच. फेकवत नव्हती," पपा म्हणाले. "पाकिटं संपली तेव्हा सवय झाली होती, मग विकत आणली."

त्यांना टेबलावर झोपवून डॉक्टरांनी सदरा वर केला. बरगड्यांच्या मधून बेंबीपर्यंत जुना पांढरा व्रण होता. तो मी लहानपणापासून बघत आलेय. उन्हाळ्यात नदीवर गेलो की तो असायचाच, पपांच्या मिशीसारखा.

"नेरेओ सिल्वेइरा, तुमच्या गावच्या डॉक्टरने कळवलंय, ऑपरेशन कधीच झालेलं नाही."

"त्यांनी विचारलं, काही जुना आजार? मी तर बरा झालो होतो. अल्सर होता, तरुणपणी. अर्धं पोट काढलं. तेव्हा सगळ्यांचंच काढायचे."

डॉक्टरांनी त्या व्रणावरून एक बोट फिरवलं. मग त्यांनी पपांना डोळे मिटायला सांगितलं. एका हाताच्या बोटांवर कापूस ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटांवर जाळीची पट्टी.

"कापूस कुठल्या हातात?"

पपा बोटं चोळत राहिले. बाहेर मारिएला कुणाला तरी फोनवर सांगत होती, माटेसुद्धा नाही, माटेसुद्धा नाही.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"नोव्हेंबरात वखारीत गेलो होतो. पोराने हातात झुबका दिला. मला काहीच लागेना. हातमोजे घातल्यासारखं." डोळे त्यांनी अजून उघडले नव्हते. "कंबर दुखते म्हणून घरी आलो."

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्या जवळ बसल्या. ओढ्याने वाट बदलली की जुनं वळण मागे राहतं आणि तिथलं पाणी हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल, म्हणाल्या. पपा म्हणाले, ठाऊक आहे, तिथे डास होतात. "तुमच्या आत तसं आहे. त्या ऑपरेशनने आतड्याचं एक वळण बाजूला पडलं. इतकी वर्षं निभावलं, कारण उरलेल्या पोटात थोडं आम्ल होतं, ते जंतू मारत होतं. मग तुम्ही रोज दोनदा ते आम्लच बंद केलंत. आता जंतू माजलेत. तुमच्या आधी तेच जेवतात. बोटांना आणि डोक्याला लागणारं बी-बारा जीवनसत्त्वही तेच खातात. वयस्क पुरुषांमध्ये मी हे बरंच बघते. सगळे म्हणतात, वय झालं."

"म्हणजे ते नाही?" मी विचारलं. नाव मी घेतलं नाही.

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मला वाटतं नाही. पण शपथेवर सांगता येणार नाही. अशा कापलेल्या पोटात कधीकधी तेही होतं. आत बघावं लागेल. आज दुपारी माझा कॅमेरा इथेच आहे, एकजण आलेला नाही. फुंकायला तुमचं पोट रिकामं नव्हतं. बघायला दोन वाजेपर्यंत होईल."

पपा उठून बसले आणि सदऱ्याची बटणं लावायला लागले. एकही लागत नव्हतं. मी मदतीला हात पुढे केला नाही.

आम्ही अंगणातल्या बाकावर जाऊन बसलो. फेब्रुवारीचं ऊन, वर एका लिंबाची तोकडी सावली. थर्मास आमच्या मध्ये होता आणि त्याला हात लावायचा नव्हता.

"तिलाही म्हणाले होते, नुसतं बघतो," पपा म्हणाले.

"हो."

"मग ती परत स्वयंपाकघरात उभीच राहिली नाही."

"बघितलं म्हणून नव्हे, पपा."

"कळतं मला. म्हातारा झालोय, खुळा नाही झालो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला डिसेंबरपासून वाटतंय, तेच आहे. आणि खरं सांगू का, मला फार वाईट नाही वाटलं. ओळखीची वाट. ती गेली त्याच वाटेने जायचं. कोण मला त्यातून ओढणार होतं?"

रोज एकच फूल का, ते मला तेव्हा कळलं. आईची जुडी पुरवायची होती, ते स्वतः जाईपर्यंत.

"आणि मी?" मी म्हणाले.

हे मी म्हणणार नव्हते. माझा आवाज शाळेतल्यासारखा आला, कोरडा, आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आत्ताच बसमधून उतरतेय. मग टोपी उलटीसुलटी करत म्हणाले, "वखारीत मी मालकाच्या तोंडावर सांगायचो. तुझी लोकर खराब आहे, खालच्या ढिगात टाक. शिव्या द्यायचे, पण फसवलं असं कुणी म्हणालं नाही. एल्बियाला आपण सगळ्यांनी गोड गोड सांगितलं."

"हो."

"मला तसं नको. आधी डॉक्टरने तुला सांगायचं, मग तू मला. तू, डॉक्टर नाही. आणि एका शब्दात. प्रत सांगतात तसं."

"सांगेन."

"खालची असली तरी?"

"खालची असली तरी."

त्यांनी टोपी माझ्या हातात दिली. "मग जा, सांग त्या बूटवालीला."

त्यांना आत नेल्यावर मी ती टोपी मांडीवर घेऊन बसले. अस्तरात घामाचा जुना वास होता. त्या तासाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी अशा खुर्चीवर बसून दार बघितलंय त्यांना ते माहीत आहे. दार उघडलं तेव्हा डॉक्टर एचेबार्ने हातमोजे काढत होत्या आणि मला त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "जुनी शिवण आहे, चांगल्या हाताने घातलेली. गाठ नाही, जखम नाही. बारीक तुकडे तपासायला पाठवतेय, नियम म्हणून. त्यातही काही निघेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत माझे डोळे एवढे चुकत नाहीत."

मी मान हलवली, आभार मानले, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. आईच्या वेळी मला रडू आलं नव्हतं. दफनाच्या दिवशीही नाही. लोकांना खुर्च्या पुरतात का हे मी बघत होते. त्या दिवशी आलं, आणि ते सगळं तिचंच होतं. मग तोंड धुतलं आणि पपांकडे गेले.

ते गुंगीत होते, पण मी येताच त्यांच्या बोटांनी चादर घट्ट धरली. मी कानाशी वाकले.

"पहिली प्रत," मी म्हणाले. ते दोन शब्द झाले.

"कुणी लावली?"

"डॉक्टरांनी."

"हात लावून?"

"कॅमेऱ्याने."

"हं," पपा म्हणाले. "कॅमेऱ्याला काय कळतं लोकरीतलं."

त्यांनी डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं. ते औषधाने आलं असेल असं आम्ही दोघं धरून चाललो.

तुकड्यांचा निकाल पुढच्या आठवड्यात आला, आणि डॉक्टरांचे डोळे चुकले नव्हते. जंतूंवरच्या गोळ्या झाल्या, बी-बाराची इंजेक्शनं सुरू झाली, ती अजून चालू आहेत आणि चालूच राहतील. कपाटात आईची म्हणून ठेवलेली शेवटची रिकामी खोकी पपांनी स्वतःच काढून टाकली. पहिले काही दिवस घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, याहून जास्त त्याबद्दल सांगायला नको. मग पोट उतरलं आणि मान भरायला लागली. एका रविवारी पपांनी मेंढीच्या बरगड्या खाल्ल्या आणि वर पाव मागितला. निल्दामावशीने पुन्हा फीत काढली आणि हात बरोबर पोटावर पडला.

"बघ, सुटलं," ती म्हणाली. "मी त्या दिवशीच अर्धं सोडवलं होतं. मोंतेविदेओवाल्या बाईने उरलेलं केलं."

"तिला पैसे दिले, तुला काय देऊ?"

"मला तुझं तोंड बंद राहिलं तरी पुरे, नेरेओ."

फुंकायचं मात्र राहूनच गेलं, याची पपांना थोडी हळहळ आहे. घरी त्यांनी सराव केला होता.

गुड फ्रायडेला उजाडायच्या आधी आम्ही रेल्वेच्या जुन्या रुळांपलीकडे माळावर गेलो. आईची जुडी संपली होती. शेवटची फुलं त्यांनी एकदमच तुंब्यात टाकली होती, पूर्वीसारखी मूठभर. अंधार होता, गवत दवाने भिजलं होतं, आणि दुरून आणखी दोन-तीन घरांची माणसं चालल्याचे आवाज येत होते. पाय अजून पुरते सुधारलेले नाहीत, म्हणून पपांनी माझा दंड धरला होता. मी आईचा स्वेटर घातला होता, तिनेच विणलेला.

चालता चालता ते थांबले. मला वाटलं दमले. पण त्यांची बोटं माझ्या कोपरावर फिरत होती, पुढे, मागे, परत पुढे.

"ही दुसरी लोकर आहे," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथे, कोपराला. बाही कोरिएडेलची आहे, मीच आणून दिली होती. इथे तिने मेरिनो घातलीय. जास्त मऊ. फाटलं असेल, रंगाला रंग जुळवून भरलंय." त्यांनी कापड पुन्हा दोन बोटांत धरलं. "मला कधी बोलली नाही."

मी कोपर वाकवून बघितलं. अंधारात काही दिसत नव्हतं, आणि उजेडातही ते मला कधी दिसलं नव्हतं.

"कुठून आणली असेल मेरिनो?" मी विचारलं.

"माझ्याच पिशवीतून, चोरटी," पपा म्हणाले. पूर्वेला कडा फिकट व्हायला लागली होती. त्यांनी माझा दंड सोडला आणि वाकून पहिलं झुडूप चाचपलं. "चल, हात चालव. सूर्य आला की मग हे नुसतं गवत."